एका मालाचे दोन भाव

सासवडच्या पेठेत आमचं किराणा-भुसाराचं दुकान आहे. पुढे किरकोळ विक्री चालते आणि मागच्या गोदामातून आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या लहान दुकानांना घाऊक माल जातो. माल पुण्याच्या मार्केट यार्डातून दिवे घाट चढून येतो. आणायचं काम धाकट्या दिरांचं, भाव ठरवायचं माझं. आषाढ संपत आला आहे. पालखी पुढे जाऊन महिना होत आला, श्रावण तोंडावर आहे आणि उपासाच्या मालाला उठाव सुरू झाला आहे.

पहाटे ५.३०

दुधाची गाडी येते. पिशवीवर छापील भाव आणि आमचं कमिशन ठरलेलं, त्यामुळे इथे मला ठरवायला काही नसतं. पण दुधाचं गिऱ्हाईक रोज येतं आणि जाता जाता भावाचा फळा वाचून जातं. म्हणून दूध उतरवून झालं की मी आधी फळा बघते. त्यावर सहाच जिन्नस असतात: साखर, तूरडाळ, शेंगदाणे, पोहे, साबुदाणा आणि तेल. या सहांचे भाव घरोघरी तोंडपाठ असतात. यांतल्या एकातही दोन रुपये जास्त लागले की दुकान महाग झाल्याची बोलवा होते. मग बाकीच्या मालाला कितीही वाजवी भाव लावा, कुणी ऐकत नाही.

खसखस, वेलची, कापूर, वाती यांचा भाव कुणी चार दुकानांत विचारत फिरत नाही. तिथे टक्के जास्त ठेवावे लागतात, कारण तो माल महिनोन्महिने पडून राहतो आणि त्यात पैसा अडकतो. तेवढी भरपाई मी घेते. पण गिऱ्हाईकाला भाव माहीत नाही, एवढ्यावरून तो वाढवायचा हे आमच्याकडे चालत नाही. सोमवारी ज्या भावाने वेलची दिली त्याच भावाने मंगळवारी द्यायची, मग समोर कुणीही उभं असो.

सकाळी ८.३०

फोनवर यार्डातल्या व्यापाऱ्यांचे भाव येतात. भाव क्विंटलचा, माल कट्ट्यात आणि विक्री किलोत, पावकिलोत. मी वही घेऊन बसते आणि प्रत्येक मालाचं एकच गणित सोडवते: दुकानात उतरेपर्यंत किलो कितीला पडला?

आजची तूरडाळ १०,४०० रुपये क्विंटल, म्हणजे १०४ रुपये किलो. ५० किलोच्या कट्ट्यामागे तिकडची हमाली, इकडची हमाली आणि टेम्पोचं भाडं मिळून ६० रुपये होतात. टेम्पो घरचा असला तरी भाडं धरायचंच. डिझेल, टायर आणि दिरांचा अख्खा दिवस फुकट नसतो. किलोला १ रुपया २० पैसे चढले आणि डाळ १०५.२० ला गोदामात उतरली. कट्टा शिवण न उसवता तसाच वाडीवर गेला, तर माझी खरेदी एवढीच.

तोच कट्टा फोडून पुढे घेतला की खरेदी बदलते. तळाला चुरी निघते, तोलताना काटा थोडा झुकता द्यावा लागतो, दाणे सांडतात. ५० किलोतून साडेएकोणपन्नास किलोचेच पैसे येतात. कट्ट्याचे ५,२६० रुपये ४९.५ ने भागले की १०६.२६ येतात. त्यात किलोमागे पिशवीचे ७५ पैसे घातले की १०७ रुपये. नफ्याचा पैसाही अजून धरलेला नाही आणि एकाच कट्ट्याच्या दोन खरेद्या झाल्या: घाऊकला १०५.२०, किरकोळीला १०७. नवे दुकानदार एकच खरेदी धरतात आणि तिच्यावर घाऊकचे वेगळे, किरकोळीचे वेगळे टक्के लावतात. वर्षाच्या शेवटी किरकोळीतला नफा कुठे गेला ते त्यांना सापडत नाही. तो घटीत आणि पिशव्यांत गेलेला असतो.

कराचाही इथेच विचार करावा लागतो. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या छापील, पाकीटबंद डाळ-तांदूळ-पिठावर ५ टक्के जीएसटी लागतो. त्याहून मोठ्या कट्ट्यावर आणि सुट्या मालावर तो लागत नाही. २६ किलोचे तांदळाचे कट्टे बाजारात दिसू लागले ते यामुळेच. सुटी डाळ घेणाऱ्या गिऱ्हाईकाला हा फरक मी आवर्जून सांगते. पाकिटाच्या भावात कर आहे आणि माझ्या सुट्या डाळीच्या भावात नाही, हे त्याला कळलंच पाहिजे.

सकाळी ९.३०

दीर निघायच्या तयारीत असतात.

"वहिनी, साबुदाणा क्विंटलला चारशेनं चढलाय. श्रावणात अजून चढेल. दहा कट्टे जास्तीचे उचलू का?"

"चढेल, भाऊजी. पण पावसाळी हवेत तो ओल धरतो, आणि दहा कट्ट्यांचे पैसे अडकले तर साखरेला काय द्यायचं? श्रावणी सोमवारांपुरता आणा. नवरात्राचं नवरात्रात बघू."

साबुदाणा तमिळनाडूतल्या सेलम भागातून येतो आणि आपल्याकडचे उपास जवळ आले की त्याचा भाव हलतो. प्रश्न गोदामात आधीपासून असलेल्या मालाचा असतो. तो जुन्या भावाने घेतलेला आहे, मग विकायचा कोणत्या भावाने? आमचा नियम असा: न फोडलेला कट्टा आजच्या भावाने जातो, कारण त्याच्या जागी उद्या आजच्याच भावाचा कट्टा आणायचा आहे. पण किरकोळीला फोडलेला कट्टा संपेपर्यंत जुनाच भाव राहतो. सकाळी पाव किलो नेलेल्या बाईला संध्याकाळी त्याच पोत्यातला साबुदाणा चार रुपये महाग देण्याला माझ्याकडे उत्तर नाही.

भाव उतरला की मात्र दोन्ही भाव त्याच दिवशी खाली येतात. तोटा दिसत असला तरी थांबायचं नाही. वाडीवरच्या दुकानदाराच्या फोनवरही यार्डाचे भाव येतात. जुन्या महाग मालाला चिकटून बसलं तर तो माल तसाच राहतो आणि गिऱ्हाईकही तुटतं.

सकाळी ११

कंपन्यांच्या मालाचे सेल्समन याच वेळी येतात. इथे भाव ठरवण्याची मोकळीक कमी, पण हिशोब जास्त. एमआरपी म्हणजे कमाल किंमत. तिच्यापेक्षा जास्त घेणं वैधमापनाच्या कायद्याने गुन्हा आहे, कमी घ्यायला कुणाची मनाई नाही.

सेल्समन सांगतो, "ताई, साबणाला अकरा टक्के सुटतात." ४० रुपये एमआरपी, कर धरून ३६ ला खरेदी, चार रुपये सुटतात. चार भागिले ३६ केले की ११ टक्के, हा त्याचा हिशोब. मी चार भागिले ४० करते, म्हणजे १० टक्के. दुकानाचं भाडं, वीज, पगार हे सगळं विक्रीच्या पैशातून भागवायचं असतं, म्हणून टक्केही विक्रीवरच काढायचे. आम्ही जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत आहोत. गिऱ्हाईकाकडून वेगळा कर घेता येत नाही, खरेदीवर भरलेला कर परत मिळत नाही आणि करपात्र विक्रीवर १ टक्का आपल्याकडून भरावा लागतो. साबणामागे आणखी ४० पैसे गेले, राहिले ९ टक्के.

कर बदलला की हा हिशोब मुळापासून मांडावा लागतो. २२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्याच दिवशी, अंगाचा साबण, टूथपेस्ट, शाम्पू, केसांचं तेल आणि बिस्किटं १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आली. ज्याला कराची वजावट मिळत नाही त्याच्या खरेदीत तो कर सगळाच्या सगळा असतो. म्हणून त्या आठवड्यात आम्ही अशा प्रत्येक मालाची खरेदी नव्याने लिहून काढली. खरेदी उतरली त्या प्रमाणात विक्रीही उतरवायची, एवढा एकच नियम धरला.

आज स्कीम आहे: बारावर एक फुकट. तेरा नगांतला एक फुकट, म्हणजे सूट ७.७ टक्के. ऐकायला चांगली वाटते. पण एवढा माल खपायला मला तीन महिने लागणार असतील, तर महिन्याला दीड टक्क्याप्रमाणे साडेचार टक्के पैसा अडकण्यातच गेले, आणि मुदत संपायची टांगती भीती वेगळी. म्हणून जो माल महिन्याभरात उठतो त्याचीच स्कीम मी घेते, आणि घेतली की निम्मी सूट वाडीवरच्या दुकानांना देते. त्यांनी जास्त नग उचलले तरच माझा माल महिन्यात उठतो.

दुपारी १

परिंच्याच्या बाजूच्या एका वाडीवरचे अण्णा यादी घेऊन येतात. घाऊक भाव खरा ठरतो तो इथे. माझी खरेदी १०५.२० आहे हे मला माहीत आहे, पण त्यावर किती चढवायचं ते माझी वही सांगू शकत नाही. ते अण्णांचं दुकान सांगतं.

"अण्णा, तूरडाळ तुमच्याकडे कितीला जातेय?"

"एकशेवीस. पावशेर तीस."

"त्याच्या वर?"

"वर न्हेला की माणसं एसटीनं सरळ तुमच्याकडं येत्यात."

म्हणजे १२० ही वाडीवरची हद्द. त्यातून अण्णांना घट आणि चुरीचे सव्वा रुपया, पिशवीचे ७५ पैसे, माल वर न्यायचा रुपया जातो. दिवसभर दुकान उघडं ठेवायचं तर किलोमागे दहा रुपये त्यांच्या हातात उरले पाहिजेत. १२० मधून हे सगळं वजा केलं की १०७ राहतात. माझा घाऊक भाव १०७. मला किलोला १ रुपया ८० पैसे आणि कट्ट्याला ९० रुपये सुटतात. मी ११० सांगितले असते तर अण्णांनी बहुधा घेतलेही असते, पण त्यांच्या हातात सात रुपयेच उरले असते. मग दोन गोष्टी झाल्या असत्या: त्यांनी भाव वाढवून गिऱ्हाईक गमावलं असतं, किंवा हलकी डाळ विकायला सुरुवात केली असती. दोन्हींत पुढच्या महिन्यात माझ्याकडून जाणारे कट्टे कमीच झाले असते. किरकोळ भाव खरेदीपासून वर मोजत जाता येतो. घाऊक भाव समोरच्याच्या विक्रीपासून खाली मोजत यावा लागतो.

१०७ हा रोखीचा भाव. पंधरा दिवसांच्या उधारीला १०८. हा वरचा रुपया मनाला येईल तसा लावलेला नाही. यार्डातला व्यापारी मुदतीनंतर महिन्याला दीड टक्का लावतो, त्याने पंधरा दिवसांचे किलोमागे ८० पैसे होतात. उरलेले २० पैसे वसुलीच्या कामाचे. हे मी अण्णांना तोडून सांगते. पुरंदरमध्ये सीताफळाचे पैसे हातात येईपर्यंत वाडीवरचं घर अण्णांकडे उधार घेतं, अण्णा माझ्याकडे आणि मी यार्डात. उधारीचा भाव रोखीतच मिसळून टाकला तर रोख देणाऱ्याने उधारवाल्याचं व्याज भरल्यासारखं होतं.

लग्नघरचं गिऱ्हाईक अख्खा कट्टा मागतं, त्यांना ११०. कट्टा फुटत नाही म्हणून ते किरकोळीपेक्षा स्वस्त घेतात, पण अण्णांच्या भावाने त्यांना मिळत नाही. जो दर आठवड्याला येतो आणि माझा माल दहा किलोमीटर आत पोहोचवतो, त्याचा भाव त्याच्यापुरताच राहिला पाहिजे.

दुपारी ३.३०

टेम्पो येतो. बिल हातात घेऊन प्रत्येक कट्टा आमच्या काट्यावर चढतो. बारदानाचं वजन वजा करून माल किती भरला ते बिलाच्या मागे लिहायचं. काट्याची पडताळणी दरवर्षी करून घेऊन त्यावर शिक्का घ्यावा लागतो. तो शिक्का गिऱ्हाईकाला दिसेल अशा बाजूला ठेवायचा, ही सासूबाईंची शिस्त.

आज शेंगदाणे आलेत: ३० किलोचा कट्टा, ११० ने पडलेला, म्हणजे ३,३०० रुपये. मोठ्या चाळणीवर थोडे थोडे घेऊन ते हलवायचे. आधी माती आणि सालपट खाली पडतं, मग फूट गळते आणि वर अख्खा, गुलाबी दाणा राहतो. त्यातला काळपट, सुरकुतलेला दाणा बोटांनी वेचायचा. एखादा चावून बघायचा. कडवट किंवा मऊ लागला तर तो कट्टा उपासाच्या गिऱ्हाईकाला द्यायचा नाही, परत करायचा. या कट्ट्यातून २६ किलो अख्खा दाणा, ३ किलो फूट आणि १ किलो कचरा निघाला. फूट कुटासाठी १०० रुपयांनी जाते, ३०० रुपये सुटले. राहिलेले ३,००० रुपये २६ किलोंवर पडतात. अख्खा दाणा ११० ला नाही, ११५ रुपये ३८ पैशांना पडला. ११० वर टक्के लावून भाव काढणारा चाळण्याची मजुरी तर सोडतोच, वर किलोला पाच रुपये खिशातले घालतो.

संध्याकाळी ६

कामावरून परतणारी माणसं येतात. हे सगळं पावकिलोचं गिऱ्हाईक. शेतावरची मजुरी, बांधकामावरची रोजंदारी हातात असते आणि त्यातूनच आजची आमटी व्हायची असते.

तूरडाळीची किरकोळ खरेदी १०७ होती. त्यावर हिशोबाने ११७ किंवा ११८ काढता येतो. पण ११८ चा पाव किलो साडेएकोणतीस रुपये होतो आणि गल्ल्यावर त्याचे तीस घेतले जातात. किलो घेणाऱ्याने ११८ दिले, चार वेळा पाव घेणाऱ्याने १२०. ज्याच्याकडे पैसे कमी त्यालाच डाळ महाग पडली. म्हणून सुट्या मालाचा किलोचा भाव मी चारने भाग जाईल असाच ठेवते. डाळ ११६, पाव किलो २९. पाच किलो एकदम नेणाऱ्याला ५७५, म्हणजे किलोला एक रुपया कमी, कारण वीस पिशव्यांऐवजी एकच पिशवी लागते आणि एकदाच तोलावं लागतं. तेवढाच फरक, जास्त नाही.

तेलाचा भाव सांगताना वजन सांगितल्याशिवाय राहत नाही. एक लिटर सोयाबीन तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. १५ लिटरच्या डब्यात १३ किलो ६५० ग्रॅमच तेल असतं, १५ किलोच्या डब्यात पुरतं १५ किलो. लिटरचा डबा २,०१० ला आणि किलोचा २,१६० ला असेल तर पहिला दीडशेने स्वस्त दिसतो. पण किलोला तो १४७ ला पडतो आणि दुसरा १४४ ला. पाकिटांचंही तसंच. सारख्याच दिसणाऱ्या पिशवीत कुणाचे ९१० ग्रॅम असतात, कुणाचे ८५०. आता पाकिटावर एमआरपीबरोबर एककाचा भावही छापलेला असतो. मी गिऱ्हाईकाला तिथे बोट ठेवून तो वाचायला लावते.

रात्री ९

शटर अर्धं खाली येतं, गल्ला मोजून होतो आणि खरा हिशोब सुरू होतो. किरकोळीची महिन्याची विक्री सहा लाख धरली आणि पगार, भाडं, वीज, डागडुजी मिळून खर्च ३६,००० झाला, तर प्रत्येक १०० रुपयांच्या विक्रीवर ६ रुपये खर्च बसतो. तूरडाळीत किरकोळीला ९ रुपये सुटले आणि घाऊकीला १ रुपया ८० पैसे. वरवर बघता किरकोळ पाचपट फायद्याची. पण ११६ वर सहा टक्के म्हणजे ६ रुपये ९६ पैसे खर्चात गेले आणि हातात २ रुपये ४ पैसे राहिले. घाऊकचा कट्टा एकदा उचलला, एक बिल केलं की संपलं. दोन्हीकडे माझ्या पदरात पडतं ते जवळजवळ सारखंच. मधले सात रुपये हे तोलण्याचे, पुड्या बांधण्याचे आणि दिवसभर दार उघडं ठेवण्याचे दाम आहेत. म्हणून घाऊकचं गिऱ्हाईक किलोमागे कमी देतं तेव्हा माझ्यावर उपकाराचं ओझं होत नाही, आणि किरकोळीचं गिऱ्हाईक जास्त देतं तेव्हा त्याची लूट होत नाही.

साखरेचा हिशोब याच वहीत वेगळा दिसतो. ४२ ला पडून ४४ ला जाते. सहा टक्के खर्च लावला तर ती तोट्यात. पण साखरेच्या एका कट्ट्यात गुंतलेले २,१०० रुपये महिन्यात आठ वेळा फिरून येतात. घट जाता दर खेपेला ९० धरले तरी महिन्याला ७२० रुपये होतात. तेवढेच २,१०० रुपये मसाल्याच्या पदार्थांत घातले तर गुंतलेल्या पैशावर २५ टक्के सुटतात खरे, पण तीन महिन्यांनी. महिन्याला पडतात १७५. टक्के बघून साखर बंद करणारा दुकानदार रोजचं गिऱ्हाईक आणि फिरता पैसा दोन्ही घालवतो.

उद्याचे भाव फळ्यावर लिहिताना ही वही शेजारी ठेवते. नवीन दुकान घालणारी मुलं-मुली विचारायला येतात, किती टक्के लावू? त्यांना मी सांगते, टक्क्यांपासून सुरुवात करू नका. घाऊक भाव तुमच्याकडून नेणाऱ्या दुकानाच्या गल्ल्यापासून मोजा आणि किरकोळ भाव पाव किलो नेणाऱ्या माणसाच्या हातातल्या पैशांपासून. मग आपली खरेदी पैशापैशाने मांडा. मधे उरेल तो आपला नफा. तो पुरत नसेल तर आधी घट कमी करा, मग उधारी, मग पडून राहिलेला माल, मग दुकानाचा खर्च. या चारही ठिकाणी हात घालून झाल्यावरच भावाला हात लावा. एवढं केल्यावर वाढवलेला भाव गिऱ्हाईकाच्या डोळ्याला डोळा देऊन सांगता येतो, आणि ते दुसऱ्या दिवशीही येतं.